सुरांची हजेरी घेणारे भाऊ

बल्लारपूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. वळणदार अक्षरात, खाली पट्टी धरून लिहिलेला. "कॉम्प्युटर येणारी व्यक्ती पाहिजे. गाणे येत असल्यास येऊ नये."

मी ज्या टायपिंग सेंटरमध्ये काम करत होते ते नुकतंच बंद पडलं होतं. कॉम्प्युटर मला येत होता आणि गाणं तर माझ्या सात पिढ्यांत कोणाला आलेलं नव्हतं. इतकी तंतोतंत माझ्यासाठी निघालेली जाहिरात मी त्याआधी पाहिली नव्हती. दुकानाच्या बाजूच्या बोळातून मागे गेले, तर तिथे एक खोली होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि मध्ये पांढरा फुलशर्ट घातलेले एक गृहस्थ बसलेले. मनगटाची बटणं लावलेली, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हे भाऊ. गावात सगळे त्यांना भाऊच म्हणत.

त्यांनी मला गायला सांगितलं. मी म्हटलं, मला येत नाही. ते म्हणाले, तरी गा. मी शाळेतल्या प्रार्थनेच्या दोन ओळी म्हटल्या. भाऊंनी डोळे मिटून त्या समाधानाने ऐकल्या, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाले, "उद्यापासून या, बाई."

नंतर कळलं की माझ्याआधी दोघे जण येऊन गेले होते आणि दोघांनाही गाता येत होतं. ते भाऊंनी बसवलेल्या चाली आपल्या मनाने सुधारत. "गानारा मानूस कान लावते," भाऊ मला म्हणाले. "मले डोये लावनारा पाह्यजे."

भाऊ कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होते. कोण कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे त्यांनी तीस-बत्तीस वर्षं लिहिलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण गावातली जुनी माणसं त्यांना पाहून अजून पाय उचलायची. एकदा भाजीबाजारात सत्तरीच्या एका आजोबांनी त्यांना, काही विचारलेलं नसताना, आपल्याला यायला उशीर का झाला ते सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि "या वेळेस ठीक आहे" म्हणून पुढे गेले.

पण दिवाळी झाली की हाच माणूस साठवलेली सगळी रजा काढायचा आणि झाडीपट्टीतल्या नाटकांना साथ करायला जायचा. वडसा, ब्रह्मपुरी, मूल, गावोगाव. होळीला परत. ही दोन्ही आयुष्यं त्यांनी एकमेकांत कधी मिसळू दिली नाहीत, आणि मग म्हातारपणी त्या गादीवाल्या खोलीत ती एकत्र आली. भाऊ नाटक कंपन्यांना, भजनी मंडळांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना संगीताचे ट्रॅक बनवून देऊ लागले. कॉम्प्युटरला जोडलेला कीबोर्ड ते वाजवत, आणि पुढचं सगळं माझ्याकडे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्क्रीनवर डावीकडे एक उभा पियानो आणि उजवीकडे लहानमोठ्या आडव्या पट्ट्या, रांगोळीचे ठिपके चुकल्यासारख्या. भाऊंनी लाकडी फूटपट्टी स्क्रीनवर टेकवून समजावलं की हा कॉम्प्युटर आवाज साठवतच नाही. कुठलं बटण किती वाजता दाबलं आणि किती वाजता सोडलं, एवढंच लिहून ठेवतो. आवाज नंतर त्यावरून काढतो. यालाच मिडी म्हणतात.

"म्हणजे हजेरी," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं काहीतरी चुकलं. मग म्हणाले, "हाव. हजेरीच आहे." त्या दिवसापासून आमचं जमलं.

तर या हजेरीत एक घोळ होतो. एक सूर सुटायच्या आत दुसरा लागला की पट्टीवर पट्टी चढते. याला ओव्हरलॅप म्हणतात. भाऊ नुसतं "चढला" म्हणत. त्यातही तोच सूर सोडायच्या आत पुन्हा लागला तर फार वाईट, कारण मग कॉम्प्युटरला कळत नाही की सुटला तो पहिला की दुसरा. कधी दुसरा मध्येच तुटतो, तर कधी एखादा सूर सुटतच नाही, वाजतच राहतो. "एकच मानूस दोनदा आत आला अन् एकदाच बाहेर गेला," भाऊ म्हणत, "तर आत कोन राह्यला, सांगा?" कारखान्यात असं झालं की ते सगळ्या खात्यांत फिरून त्या माणसाला शोधून काढत. इथे ते काम माझ्याकडे होतं. एकेक पट्टीचं शेपूट पकडायचं आणि मागे ओढायचं. भाऊ माऊसला हात लावत नसत. मागे उभे राहून फूटपट्टीने दाखवत, "हा चढला. हाबी चढला." स्क्रीनवर इतके ओरखडे पडले होते की कधी कधी मी ओरखड्यालाच सूर समजून ओढायला जायची.

हळूहळू त्यांना सगळीकडेच चढलेलं दिसू लागलं. खोलीत दोघे एकदम बोलले की ते हात वर करून दोघांना थांबवत आणि एकाला सुरू करत. एक गिऱ्हाईक बाहेर पडून त्याच्या चपला नजरेआड होईपर्यंत दुसऱ्याला आत घेत नसत. फोनवर समोरच्याचं बोलून झालं तरी खात्री करायला इतका वेळ थांबत की समोरचा फोन ठेवून देई. एकदा मी वहिनींजवळ, म्हणजे त्यांच्या बायकोजवळ, हा विषय काढला. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "लग्नाले छत्तीस वर्सं झाले, माह्या बोलन्यावर एकडाव नाई बोलले. माहं संपेपरेंत थांबतेत." आणि पोळी उलटून पुढे म्हणाल्या, "म्हनून मी संपवतच नाई."

सिरोंचाच्या लग्नाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मुलीकडच्यांना मुहूर्ताच्या वेळी सनई हवी होती. सनईवाले मिळाले नाहीत, म्हणून भाऊंना बोलावलं. आम्ही पहाटे निघून आलापल्लीच्या जंगलातून जीपने गेलो. ट्रॅक मी दोन दिवस बसून साफ केलेला होता, एकही पट्टी चढलेली नव्हती. मला फक्त लॅपटॉपवर बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सुरुवात केली आणि भाऊंना राहवलं नाही. चालू ट्रॅकबरोबर त्यांनी कीबोर्डवर स्वतःही हात टाकला. ट्रॅकमधला पंचम आणि भाऊंचा पंचम एकाच वेळी आत गेले आणि बाहेर एकच आला.

सनई पंचमावर अडकली. मी ट्रॅक बंद केला, तरी पंचम चालूच. भाऊंनी ती पट्टी दाबून पाहिली, मग शेजारच्या दाबल्या, मग सगळ्याच दाबल्या. पंचम हलला नाही. प्लग काढावा तर त्याच वायरवर भटजींचा माइक होता. भाऊंच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते ताठ उभे राहून, हे असंच ठरलेलं होतं असा चेहरा करत होते.

मांडवाच्या कोपऱ्यात नदीपलीकडून आलेले एक म्हातारे पाहुणे बसले होते. ते नादस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, वाजवणारे निघाले. त्यांच्या वाजवण्यात मागे एक सूर अखंड धरून ठेवायची पद्धत असते. तो आयताच मिळाल्यावर त्यांनी पिशवीतून वाद्य काढलं आणि उठून आमच्या शेजारी येऊन वाजवायलाच लागले. मांडव खूश झाला. चाळीस मिनिटं ते वाजवत होते आणि चाळीस मिनिटं आमचा पंचम मागे उभा होता. जेवताना मुलीचे मामा खास भाऊंजवळ आले. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले की आजवर पुष्कळ वादक पाहिले, पण सूर इतका न हलवता धरणारा माणूस पाहिला नाही. आणि त्यांनी भाऊंच्या खांद्यावर शाल घातली.

परतताना भाऊ शाल मांडीवर घेऊन बसले होते. आलापल्ली मागे गेल्यावर म्हणाले, "त्या पंचमाले कोनी बाहेर नाई काढलं, बाई."

दुसऱ्या दिवशी नियम निघाला. लाल पेनाने लिहून भिंतीवर लागला. रेकॉर्डिंग झालं की सगळ्या पट्ट्या एकदम निवडायच्या, ओव्हरलॅप काढायची आज्ञा द्यायची, साफ फाइल ठेवायची आणि मूळ फाइल लगेच पुसून टाकायची, म्हणजे मळकी फाइल चुकून बाहेर जायला नको. मी तो नियम वर्षभर पाळला.

आता मास्टरांविषयी सांगते. आमच्याकडे येणारी नाटकवाली माणसं कधी कधी एखाद्या चालीवर म्हणत, "ही तर मास्टरांची." असं कोणी म्हटलं की भाऊ फूटपट्टी पुसायला घेत. शेवटी वहिनींनीच मला सांगितलं. मास्टर म्हणजे गावातले एक मुसलमान गृहस्थ, झाडीपट्टीतले नावाजलेले ऑर्गनवाले. भाऊंना ऑर्गन त्यांनीच शिकवला. बारा हंगाम दोघे रंगमंचासमोर शेजारी शेजारी बसले, मास्टर ऑर्गनवर आणि भाऊ हार्मोनियमवर. मग भाऊंनी कॉम्प्युटर घेतला आणि हौसेने एका नाटकाच्या सगळ्या गाण्यांचे ट्रॅक केले. कंपनीच्या लक्षात आलं की पेनड्राइव्हला अंथरूण लागत नाही, चहा लागत नाही आणि त्याची बैलगाडीवरून ने-आणही करावी लागत नाही. आधी एका कंपनीने ट्रॅक नेले, मग तीन कंपन्यांनी. एका हिवाळ्यात मास्टरांना कोणाचंच बोलावणं आलं नाही. तरी मास्टर रस्त्यात भेटले की भाऊंच्या मुलाबाळांची चौकशी करत. त्या चौकशीनेच भाऊ कासावीस झाले असावेत. त्यांनी तो रस्ताच सोडला. सहा वर्षं ते स्टुडिओत लांबच्या रस्त्याने येत होते.

संक्रांतीच्या सुमारास मास्टरांची मुलगी स्कूटीवर आली. ती शाळेत शिकवायची. उभ्या उभ्याच बोलली. अब्बांची बोटं संधिवाताने आखडत चालली आहेत. घरातल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी खाल्ला. त्यांनी स्वतः बांधलेली एक नांदी आहे, ती कुठेच लिहिलेली नाही. हात चालतो आहे तोवर ती इथे वाजवून घ्याल का?

भाऊ तिचं संपेपर्यंत थांबले. मग नेहमीपेक्षाही जास्त थांबले. आणि "आना त्याईले," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी संध्याकाळपर्यंत मास्टरांसाठी एक खुर्ची सात ठिकाणी ठेवून पाहिली.

मास्टर आले ते अकराच्या उन्हात. उंच, वाकलेले, डोक्यावर विणलेली टोपी. दारातल्या उन्हात बसून त्यांनी कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात बराच वेळ बुडवून ठेवले. भाऊंना म्हणाले, "बारका झाला तू." मग मास्टर आत आले, हात पुसले आणि अठरा मिनिटं वाजवलं. मला गाण्यातलं कळत नाही हे मी सांगितलंच आहे, पण त्या अठरा मिनिटांत मी स्क्रीनकडे पाहायचं विसरले. भाऊ सगळा वेळ उभे होते. वाजवून झाल्यावर मास्टरांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "झालं बापा. आता हे पुन्हा नाई होनार."

भाऊ चहा आणायला स्वतः गेले. चहाचं दुकान समोरच होतं, पण ते अर्ध्या तासाने परत आले, डोळे धुऊन. तेवढ्या वेळात मी माझं काम उरकून ठेवलं होतं. स्क्रीन पाहून मला धडकीच भरली होती. एवढ्या चढलेल्या पट्ट्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, प्रत्येक सूर पुढच्याच्या अंगावर रेललेला. मी सगळ्या निवडल्या, आज्ञा दिली, फाइल ठेवली, मूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी बापलेक ऐकायला आले. मास्टर मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "चांगलं आहे. कोन वाजवून राह्यलं हे?"

मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्हीच."

"नाई बेटा. मी असा नाई सोडत."

भाऊंनी माझ्याकडे वळून मूळ फाइल कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, पुसली. आणि नकळत भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मास्टर आपणहून उठले आणि कीबोर्डजवळ गेले. दोन ओळी वाजवल्या. तिसऱ्या ओळीला अनामिका उचललीच गेली नाही. डाव्या हाताने त्यांनी तो उजवा हात उचलून घेतला, एखादी वस्तू उचलावी तसा.

"आठ दिवस द्या, मास्टर," भाऊ म्हणाले.

ते गेल्यावर भाऊंनी मला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसले. "हा कसा धरते?" त्यांनी विचारलं. माऊसबद्दल.

पहिला दिवस माऊस शिकण्यातच गेला. ते तो पेनासारखा धरत. पुढे नेता नेता टेबल संपलं की "टेबल संपला, बाई" म्हणून मदत मागत. मी उचलून मागे ठेवायला सांगितलं तर हवेतच धरून फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पट्टीचं शेपूट पकडता आलं आणि मग ते थांबले नाहीत. दार बंद केलं. एका शाळेचे मुख्याध्यापक संमेलनाच्या ट्रॅकसाठी तीनदा येऊन गेले. भाऊ डोळे मिटत, उजवा हात मांडीवर चालवून पाहत, मग डोळे उघडून एक पट्टी पुढच्या पट्टीवर ओढत. किती ओढायची ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. बारा हंगाम ते त्या हाताच्या शेजारी बसले होते.

ओढता ओढता ते सांगत. हा गंधार मास्टर लांबवतात, कारण इथे पडदा हमखास अडकायचा आणि पडदेवाला मोकळा करेपर्यंत काहीतरी धरून ठेवावं लागायचं. पुढे पडदा नवीन आला तरी गंधार तेवढाच राहिला. हे दोन सूर एकमेकांवर रेलतात, कारण इथे मास्टरांना भात्यावरचा पाय बदलायचा असे. मी ऐकत होते, आणि ज्या पट्ट्या मी त्या दिवशी कचरा म्हणून झाडल्या होत्या त्यांच्यात एक अख्खं नाटक होतं, हे मला कळत होतं. पण भाऊंनी सरसकट सगळं चढवलं नाही. तोच सूर त्याच सुरावर आला की ते जपून फट ठेवत. "शेजारचा चढला तर चालते," ते म्हणाले. "सोताच सोतावर चढला तर अडकते."

चौथ्या दिवशी मी माफी मागितली. त्यांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "तुमची चूक नाई, बाई. तुमी एक दिवस पुसलं. मी सहा वर्सांपासून पुसून राह्यलो होतो."

आठाचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी मास्टर येऊन उन्हाकडे तोंड करून बसले. भाऊ त्यांच्या मागे उभे राहिले. मी बटण दाबलं. पहिल्या ओळीला मास्टर नुसते बसून होते. दुसऱ्या ओळीला त्यांची मान हलली आणि आखडलेली बोटं गुडघ्यावर चालायला लागली, पण दोनच. पडद्याच्या गंधाराला ते चक्क हसले. मुलगी माझ्याकडे पाहत होती.

मध्यावर मास्टरांनी हात वर केला. मी थांबवलं. मागे घ्यायला सांगितलं. मी घेतलं. पुन्हा मागे घ्यायला सांगितलं. मग ते वळले.

"हा सूर माहा नोहे," ते भाऊंना म्हणाले. "इथी मी कोरडा सोडतो. इथी लांबवत होता तो तू. दर हंगामात तुले सांगत होतो, अन् दर हंगामात तू लांबवत होता."

भाऊ कानापर्यंत लाल झाले. झटकन माझ्या खुर्चीकडे आले, माऊसला हात घातला. "काढतो, मास्टर. एक मिनिट."

"काऊन काढतं?" मास्टर म्हणाले. "बाजूलेच तर बसला होता तू."

भाऊंचा हात माऊसवर तसाच राहिला. मास्टरांनी मला पुढे चालवायची खूण केली. मग पायाने शेजारची खुर्ची जवळ ओढली, आणि नांदी पुन्हा सुरू होईपर्यंत भाऊ तिच्यावर येऊन बसले होते.